तह आणि पराभूताची जबाबदारी

ज्या चेन्नईत आज आपणांपैकी अनेकांचे बिऱ्हाड आहे, ते शहर एकदा तहाच्या तराजूत एखाद्या वजनाप्रमाणे घातले गेले होते. १७४६ च्या सप्टेंबरात फ्रेंचांनी मद्रास जिंकून घेतले. पुढे १७४८ साली युरोपातील एक्स-ला-शापेल या गावी इंग्लंड आणि फ्रान्स यांचा तह झाला, तेव्हा उत्तर अमेरिकेतील लुईबर्ग नावाच्या किल्ल्याच्या मोबदल्यात हे शहर इंग्रजांच्या पदरात पुन्हा पडले. येथील विणकरांना, दुभाष्यांना, सावकारांना या अदलाबदलीविषयी कोणी काही विचारले नाही. विचारण्याचे कारणही कोणास दिसले नसावे. तहाच्या मेजावर ज्याला आसन नसते, तो तहातला पक्ष नसतो, तहातली वस्तू असतो.

जो पक्ष म्हणून लढला, आणि हरला, त्याचे काय? लढाईत हरलेल्या माणसाला मेजावर बसवावे की मेजावर मांडावे? विजेत्याने त्याच्याकडून काय घ्यावे, हा प्रश्न राजकारणाचा आहे. परंतु त्याच्यापाशी काय राहू द्यावे, हा प्रश्न आमच्या मते नीतीचा आहे. या प्रश्नाचा विचार करण्यास महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मंडळींना मद्रासइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. मराठी साम्राज्याचा शेवट आपण पुणे, खडकी, कोरेगाव आणि आष्टी येथे शोधतो. पण त्या शेवटाची कलमे ज्यांनी लिहिली, त्यांतील कित्येकांची उमेदवारी सेंट जॉर्ज किल्ल्याच्या आश्रयाने झाली होती. असईचा विजेता आर्थर वेलस्ली १८०३ साली म्हैसूरच्या सरहद्दीवरून पुण्याकडे निघाला, तो मद्रासची फौज घेऊन. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूर येथे होळकरांचा पराभव करणारा हिस्लॉप हा मद्रासच्या फौजेचा सरसेनापती होता. दक्षिण महाराष्ट्राचे किल्ले एकामागून एक घेणारा टॉमस मन्रो मद्रासच्याच नोकरीत केस पिकवलेला अधिकारी.

प्रथम तहांत काय होते ते पाहू. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे दुसऱ्या बाजीरावाने जो करार केला, त्यात त्याने कंपनीची सहा हजारांची कायम तैनाती फौज पत्करली, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख लावून दिला, आणि अन्य कोणत्याही सत्तेशी बोलणे लावण्यापूर्वी कंपनीचा सल्ला घेण्याचे कबूल केले. हा करार शिंदे आणि भोसले यांना मानवला नाही. त्यातून युद्ध उद्भवले, आणि असई, अडगाव व गाविलगड यांनंतर वेलस्लीने दोन तह घडवून आणले. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी कटक, बालासोर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली व आग्रा, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला सोडला. त्यानंतर १३ जून १८१७ चा पुण्याचा तह आला. त्यात मुलूख होताच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मराठमंडळाचे प्रमुखत्व संपले आहे, हे पेशव्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यावे, आणि इतर दरबारांशी होणारा सर्व व्यवहार रेसिडेंटाच्या मार्फत व्हावा.

या कलमांची वाचकांनी मनाशी दोन गटांत वाटणी करावी. एका गटात मुलूख, किल्ले आणि पैसा. दुसऱ्या गटात बोलण्याचा, ठरविण्याचा आणि चुकण्याचा अधिकार. आपल्या शाळकरी इतिहासात पहिल्या गटाची यादी पाठ करून घेत असत. दुसरा गट केवळ दरबारी शिष्टाचाराचा भाग वाटे. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. मुलूख जिंकला जातो तसा हरलाही जातो. त्यात अन्याय असेल, पण तो दुसऱ्या बाजीरावाच्या आजोबा-पणजोबांनाही परिचित असलेला अन्याय होता. दुसऱ्या गटातील कलमांनी जे केले ते निराळे होते. त्यांनी गादी ठेवली, छत्रचामरे ठेवली, नजराणे ठेवले, आणि त्या गादीखालची जबाबदारी तेवढी काढून घेतली.

हे मत केवळ मराठी अभिमानातून आलेले नाही. विजेत्यांतल्याच एकाने ते अधिक स्पष्ट शब्दांत मांडले आहे, आणि तो विजेता आपल्या रोजच्या वाटेवर उभा आहे. अण्णा सालईच्या उत्तर टोकाशी, आयलंड मैदानाजवळ, खोगीर व रिकिबी नसलेल्या घोड्यावर बसलेला सर टॉमस मन्रोचा जो पुतळा आहे, तो आपणांपैकी बहुतेकांनी बसच्या खिडकीतून पाहिला असेल. फ्रान्सिस चँट्री या शिल्पकाराची ही कृती १८३९ साली येथे बसविली गेली. रिकिबी राहिल्या कशा, याची चर्चा करण्यात मद्रासकरांच्या पिढ्या रमल्या. हाच मन्रो १८१७ च्या ऑगस्टमध्ये, पेशव्यांशी अखेरचे युद्ध तोंडावर आले असताना, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यास पत्र लिहितो आणि तैनाती फौजेच्या पद्धतीवरच बोट ठेवतो. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: वाईट राज्यकर्त्यावर हिंदुस्थानात आजवर दोन उपाय होते, दरबारातली शांत उलथापालथ किंवा प्रजेचे हिंसक बंड. आमची फौज राजवाड्याच्या दाराशी उभी राहिली की हे दोन्ही उपाय खुंटतात. परचक्राचे भय नाही आणि स्वजनांच्या रोषाचेही भय नाही, असा राजा आळशी होतो, नंतर लोभी होतो. वरच्या वर्गातली मानाची चाड नाहीशी होते, आणि सारे लोक खालावत व निर्धन होत जातात.

मन्रोने हे पत्र लिहिले आणि नंतर त्याच धोरणाची लढाई लढून किल्ले घेतले, हेही विसरता येत नाही. दोष दिसणे आणि दोषाचा लाभ न घेणे यांत पुष्कळ अंतर असते. परंतु त्याच्या निदानात खोट काढणे कठीण आहे, आणि पुण्याच्याच इतिहासात त्याला भक्कम पुरावा मिळतो. नारायणरावाच्या खुनानंतर रघुनाथराव गादीवर बसला, तेव्हा सखारामबापू, नाना फडणीस आदी कारभाऱ्यांनी १७७४ साली बारभाईंचे कारस्थान उभे केले आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळवून देऊन रघुनाथरावास दूर सारले. त्या कारस्थानात स्वार्थ नव्हता असे कोण म्हणेल? तरीही एका समाजाने आपल्या नालायक धन्याला आपणच बाजूला केले, ही गोष्ट साधी नव्हती. १८०३ च्या मे महिन्यात दुसरा बाजीराव इंग्रजी बंदोबस्तात पुण्यास परतला, त्यानंतर असे कारस्थान रचण्याला अर्थ उरला नाही. बाजीराव कारभारात वाईट होताच, महालांचे मक्ते देऊन रयतेस पिळणाराही होता. पण पूर्वीचा वाईट पेशवा पुण्याला जबाब देणे लागत असे. हा वाईट पेशवा केवळ रेसिडेंटाला जबाब देणे लागत होता, आणि रेसिडेंटाच्या वहीत रयतेच्या सुखाचे खाते नव्हते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. अशा माणसाच्या हाती जबाबदारी राहू देऊन काय साधले असते? विजेत्याने ती काढून घेतली म्हणजे रयतेवर उपकारच झाला नाही का? या आक्षेपाला तर्काने उत्तर देण्यापेक्षा दोन शहरांकडे पाहावे: बिठूर आणि सातारा. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, त्यास सालीना आठ लाखांचे वेतन ठरले, आणि १८५१ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, तो गंगातीरी राहिला. या काळातले त्याचे एखादे लोकोपयोगी राजकीय कृत्य कोणास आठवत असेल तर आम्हांस ठाऊक नाही. आणि ते नसावे यात नवल नाही, कारण तहाने त्याच्याकडे कोणतेही काम ठेवले नव्हते. उलट साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज. पिढ्यान्पिढ्या किल्ल्यात जवळजवळ बंदिवान राहिलेल्या छत्रपतींच्या घराण्यातला हा तरुण. राज्य चालविण्याचा अनुभव शून्य. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यास लहानसे राज्य मिळाले, आणि १८२२ साली ग्रँट डफने कारभार प्रत्यक्ष त्याच्या हाती दिला. त्याने रस्ते बांधले, साताऱ्यास पाणी आणले, शाळा घातल्या, स्वतः रोज कचेरीत बसून काम पाहिले. जबाबदारी मिळण्यापूर्वी तो लायक होता की नाही हे सांगण्याचे साधनच नव्हते. लायकी ही जबाबदारीच्या आधी तपासून घेण्याची वस्तू नसते. बहुधा ती जबाबदारीतूनच घडते.

पण साताऱ्याच्या तहातही दुसऱ्या गटातले कलम होतेच. परदरबाराशी व्यवहार करावयाचा नाही. केल्यास राज्य जाईल. १८३९ साली गोव्याच्या पोर्तुगीजांशी पत्रव्यवहार केल्याच्या आणि अन्य आरोपांवरून प्रतापसिंहास पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. १८४७ साली तो तेथेच वारला. त्याची कैफियत घेऊन रंगो बापूजी विलायतेस गेला आणि वर्षानुवर्षे लंडनच्या दारांवर थाप मारीत राहिला. १८४८ साली राज्यही खालसा झाले. ज्या कलमाने तह सुरू झाला त्याच कलमाने तो संपविला.

तंजावरचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये पडते. २५ ऑक्टोबर १७९९ च्या करारान्वये सरफोजी राजांनी राज्याचा कारभार कंपनीस दिला. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला, उत्पन्नाचा पाचवा हिस्सा आणि एक लाख होन एवढे राहिले. येथे लढाई झाली नव्हती, तरी परिणाम पराभवाचाच होता. सरफोजींनी उरलेल्या आयुष्यातून सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, छापखाना घातला, वैद्यकाचा अभ्यास केला, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्या लेखावर १८०३ सालच्या डिसेंबराची मिती आहे. ज्या महिन्यात देवगावी आणि अंजनगावी मराठी सत्ता कागदावर सोडून दिली जात होती, त्याच महिन्यात कावेरीकाठी तिची कुळकथा दगडात उतरत होती. हे सारे वंद्य आहे. तथापि ज्या राजाकडे ग्रंथ सोपविले त्याच्याकडे कालवे सोपविले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मनातून जात नाही. त्या मुलखातल्या मराठी कर्तबगारीने पुढे दरबाराऐवजी दप्तराची वाट धरली. कुंभकोणम येथे जन्मलेले, मद्रासला शिकलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपणा मराठी मंडळींची परंपरा अशी एका तहाच्या कलमांतूनही आली आहे.

आता हाच विजेता दुसऱ्या एका पराभूताशी कसा वागला ते पाहण्यासारखे आहे. आर्थर वेलस्ली म्हणजेच पुढे वॉटर्लूचा वेलिंग्टन. १८१५ साली फ्रान्स दुसऱ्यांदा हरला. पंचवीस वर्षे युरोप जाळणाऱ्या या देशाचे लचके तोडावेत अशी प्रशियाची मागणी होती. वेलिंग्टनने तिला विरोध केला. अपमानित फ्रान्स पुन्हा हत्यार उचलील, असे त्याचे म्हणणे होते. सत्तर कोटी फ्रँकांची भरपाई घेतली गेली, दीड लाखांची फौज फ्रान्समध्ये ठेवली गेली, तिचा सेनापती वेलिंग्टनच होता. पण ती फौज राजाला प्रजेपासून वाचविण्यासाठी कायमची ठेवलेली नव्हती. तिला मुदत होती. १८१८ च्या शरद ऋतूत, ज्या एक्स-ला-शापेलला सत्तर वर्षांपूर्वी मद्रासचा सौदा झाला होता त्याच गावी, बड्या राष्ट्रांची परिषद भरली. फौज माघारी घेण्याचे ठरले, आणि पराभूत फ्रान्सला इतरांच्या बरोबरीने बैठकीत घेण्यात आले. ज्या वर्षी पुण्याचे राज्य मिटले, त्याच वर्षी पॅरिसला त्याचे आसन परत मिळाले.

हा भेद का? वेलस्ली दुटप्पी होता, एवढे म्हणून भागत नाही. तह करून दिलेला शब्द पाळण्याविषयी तो हिंदुस्थानातही आग्रही होता. ग्वाल्हेरचा प्रश्न निघाला तेव्हा पत राखण्यासाठी ग्वाल्हेर सोडावे लागले तरी हरकत नाही, असे त्याने माल्कमला कळविले होते, आणि १८०५ च्या तहात ते शिंद्यांना परत मिळालेही. आमच्या मते भेदाचे कारण असे की, फ्रान्स उद्याही शेजारी राहणार हे त्याच्या विजेत्यांनी गृहीत धरले होते. उद्या ज्याच्याशी व्यवहार करावयाचा आहे, त्याला आज व्यवहार करण्यास असमर्थ करून चालत नाही. पुण्याचा पेशवा मात्र उद्याचा शेजारी म्हणून कोणाच्याही हिशेबात नव्हता. न्याय समोरच्याच्या लायकीवर कमी आणि त्याच्या भविष्यकाळाविषयी आपण काय धरून चालतो त्यावर अधिक ठरतो, हे कटू असले तरी खरे दिसते.

आपण मराठी माणसांनी हे सांगताना आवाज फार चढवू नये. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूचे अर्धे राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये घेतले गेले, आणि त्याचे दोन लहान मुलगे ओलीस म्हणून याच मद्रासला आणून १७९४ पर्यंत ठेवले गेले. त्या वाटणीत निजाम होता, कंपनी होती, आणि हरिपंत फडके यांच्या हस्ते आपणही होतो. १७९५ साली खर्ड्यास निजाम हरला, तेव्हा आपण दौलताबादेसह मुलूख आणि जबर खंडणी मागितली. एवढ्यावर न थांबता त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क यासही कैदी म्हणून पुण्यास आणले. जिंकलेल्या दरबाराचा कारभारीच उचलून आणणे, ही जबाबदारी काढून घेण्याचीच एक रीत आहे. तो दिवाण पुढे सुटला, हैदराबादेस परतला, आणि १७९८ साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. खर्ड्याचा अपमान हे त्याचे एकच कारण नव्हते, पण लहान कारणही नव्हते. असईच्या मोहिमेत हैदराबादची तैनाती फौज इंग्रजांच्या बाजूने होती, हे आठवले म्हणजे आपल्या विजयाचा हिशेब आठ वर्षांत कसा फिरला ते कळते. चौथाईची पद्धतही वेगळ्या जातीची नव्हती: वसूल आमचा, पण त्या मुलखातला न्याय, पाणी आणि दुष्काळ तुमचा. ज्यांनी चौथाई घेतली त्यांना तैनाती फौजेचे तत्त्व समजावयास अवघड जाऊ नये.

विसाव्या शतकाने हा धडा मोठ्या प्रमाणावर पुन्हा गिरविला. १९१९ च्या व्हर्सायच्या तहात जर्मन प्रतिनिधींना मसुदा हाती देण्यात आला आणि लेखी हरकती तेवढ्या मागविल्या गेल्या. समोरासमोर वाटाघाट झाली नाही. त्या तहावर हिंदुस्थानच्या वतीनेही सह्या आहेत, भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या. म्हणजे ज्याला स्वतःविषयी ठरविण्याचा अधिकार नव्हता असा देश दुसऱ्याचे भवितव्य ठरविणाऱ्यांत नावापुरता बसला होता. १९२० साली उस्मानी साम्राज्यावर सेव्ह्रचा तह असाच लादला गेला, आणि तो अंमलात येऊ शकला नाही. १९२३ साली लोझान येथे तुर्कांशी प्रत्यक्ष बोलणी करून झालेला तह मात्र टिकला. लोझानच्या तहातही लक्षावधी माणसांची सक्तीची अदलाबदल होती. तो आदर्श होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याने तो पाळावयाचा होता त्याने तो वादविवाद करून केलेला होता, एवढा फरक त्या दोहोंत होता.

स्वतंत्र भारताला हा प्रश्न लवकरच स्वतःपुढे आलेला दिसला. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य जपानविरुद्ध लढले होते, आणि मद्रासवरही जपानी बॉम्बची छाया पडली होती. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे तहाची परिषद भरली, तेव्हा जपानला मानाचे व बरोबरीचे स्थान मिळाले पाहिजे, आणि परकी सैन्याचा प्रश्न त्याने स्वतंत्र झाल्यावर स्वतः ठरविला पाहिजे, अशी भूमिका घेऊन भारत परिषदेस गेला नाही. ९ जून १९५२ रोजी टोकियो येथे भारताने जपानशी स्वतंत्र तह केला आणि युद्धाच्या भरपाईवरचा आपला सर्व हक्क सोडून दिला. ज्यांच्या पूर्वजांनी वसई आणि पुणे येथली कलमे सोसली, त्या देशाने विजेत्याच्या खुर्चीवर प्रथमच बसल्यावर पराभूताची जबाबदारी त्याची त्यालाच परत केली. ती उदारता होती, तसेच तो अनुभवही होता.

आपणांपैकी कोणाच्या हाती साम्राज्यांचे तह करण्याचे काम येणार नाही. पण अधिकारी माणसाच्या टेबलावर पराभूत नित्य येतात. संप मोडल्यानंतरची युनियन, चौकशीत दोषी ठरलेला कनिष्ठ, निवडणूक हरलेल्या गटाची नगरपालिका, खटला हरून तडजोडीस आलेला ठेकेदार. अशा वेळी आपला हात प्रथम दंडाच्या रकमेकडे जातो, आणि दंड योग्य असेल तर तो घ्यावाही. त्यानंतर मात्र एक मोह होतो, आणि तो दयेच्या रूपाने येतो: याचे नाव राहू द्यावे, खुर्ची राहू द्यावी, काम तेवढे दुसऱ्याकडे सोपवावे. तसे केल्याने फाईल बंद होते, आणि माणूसही. त्याच्याकडून घेतलेला पैसा तो कमावू शकेल. काढून घेतलेले काम त्याला कोण देणार? म्हणून तडजोडीचा मसुदा पुढे आला की त्यातल्या कलमांची वर सांगितलेली वाटणी एकदा करून पाहावी, आणि दुसऱ्या गटातले कलम सही करण्यापूर्वी पुन्हा वाचावे.